विहिरीला झेपेल तेवढंच

तीन नंबरच्या खोलीतली चिमुरडी पहाटेपासून उलट्या करत होती. तिची आई पांढरीफटक पडली होती आणि वडील व्हरांड्यात येरझाऱ्या घालत, काल जिथे जेवले त्या हॉटेलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते.

गेस्ट हाउसच्या दोन मालकिणींपैकी थोरलीने त्यांना दवाखान्यात जायला गाडी बोलावून दिली. गाडी वळणाआड गेली तशी ती तडक परसातल्या विहिरीवर गेली. बादली ओढली, ओंजळ नाकाशी नेली आणि झटकन सांडून टाकली. पाण्याला घाण वास होता.

गेस्ट हाउस दोघी जावा मिळून चालवत. सीझन तोंडावर आला म्हणून गेल्या वर्षी घाईघाईने मागे दोन खोल्या काढल्या आणि त्यांच्या संडासाचा शोषखड्डा विहिरीला लागूनच खणला. "एवढ्याने काय होतंय!" असं तेव्हा दोघीही म्हणाल्या होत्या.

धाकटी धावत आली. वास घेताच तिने तोंड फिरवलं.

"ताई, ब्र काढू नका. सगळ्या खोल्या भरल्यात. गुपचूप औषध टाकू विहिरीत."

"आणि तोवर?"

"पोरीला बाहेरचं बाधलंय. तिचे वडीलच म्हणतायत ना!"

तेवढ्यात एक म्हातारे पाहुणे नळावर तांब्या भरताना दिसले. ते तांब्या तोंडाला लावणार, तोच थोरलीने धावत जाऊन तो हिसकावला.

"अहो बाई, हे काय?"

"पिऊ नका! कुणीच पिऊ नका. आमच्या विहिरीत संडासाची घाण उतरलीय."

व्हरांड्यात एकच गलका उठला. कुणी बॅगा भरायला घेतल्या, कुणी पोलिसांची धमकी दिली. धाकटी खांबाला टेकून रडत होती. थोरलीने पंप बंद केला आणि मुलीच्या वडिलांना फोन लावला.

"डॉक्टरांना सांगा, आमचं पाणीच खराब आहे."

पलीकडून वडील ओरडले, "आधी का नाही बघितलंत?"



पोरगी दोन दिवसांत हसू-खेळू लागली. थोरलीला मात्र कितीतरी दिवस घास गोड लागला नाही. तिने मागच्या दोन्ही खोल्या बंद केल्या, तशी धाकटीने अबोला धरला. शोषखड्डा उपसून बुजवला, बाकीच्या खोल्यांसाठीचाही लांब उताराला नव्याने खणला. मग न्हाणीचं सांडपाणी वाळू-खडीतून कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. पुढच्या वर्षी छपराचं पाणी टाकीत साठवायला सुरुवात केली. त्यानंतर लाकडं खाणारा बंब गेला आणि वर सौर हीटर बसला. दर वेळी दोघींची खडाजंगी ठरलेली. विहिरीचं पाणी तपासायला जायचं तेव्हा मात्र बाटली धाकटीच भरायची, आणि निकाल हाती येईपर्यंत दोघींच्या जिवाला घोर असायचा.

परवा एक जण गळ घालायला लागला, "अजून दहा माणसं आहेत हो, कुठेही गाद्या टाका."

थोरली तोंड उघडणार, त्याआधी धाकटीने हात जोडले.

"नाही जमणार दादा. एवढी माणसं आमच्या विहिरीला झेपत नाहीत."