मगावरचे दोन लक्ष्मणराव

अल्लीपुरात लक्ष्मणराव एकटेच वारले, पण तेरवीनंतर ते दोन झाले. पाहायला एवढी माणसं लोटली, की चपलांखाली ओसरीची पायरी दिसेना.

तेरवीला वाटायचे त्यांच्या फोटोचे चहाचे मग सुनेनं, मंजुषानं, बसस्टँडजवळच्या आपल्या दुकानात छापले होते. त्यातला एक सासूनं, रुख्माबाईंनी, देवापुढं ठेवला. त्यावर लक्ष्मणरावांच्या खांद्यामागं आणखी एक पुसट लक्ष्मणराव उभे होते.

"आत्मा हाये," ताराचंद महाराजांनी निदान केलं. महाराज पूर्वी कूलर दुरुस्त करत, हल्ली माणसं करतात. "बाई, यातून गरम पाणी पेत जा. साखर गरम पाण्यात विरघळते का नाई? मंग अंगातली काऊन नाई विरघळणार?"

या शास्त्रापुढं कोण बोलणार? रुख्माबाईंनी इन्सुलिन बंद केलं. मधुमेहानं चिघळलेली पायाची जखम तेव्हा भरत आली होती.

"आई, विरघळून साखर जाते कुठी? पाण्यातच राह्यते. चाखून पाहा," मंजुषा म्हणाली.

"सासरा जित्ता होता तवाबी तुले त्याची अडचणच होती," रुख्माबाई फणकारल्या.

तो मग बिघडला होता मंजुषाच्याच हातून. कसा, ते सगळ्यांना दाखवायला तिनं दुकानातलं मशीन अंगणात आणलं. महाराजांचा फोटो छापलेला कागद कोऱ्या मगावर गुंडाळला, टेप मुद्दाम ढिली लावली आणि तो मग मशीनमध्ये तापवला.

"शाई तापली का वाफ होते अन् मगाच्या लेपात शिरते," ती सांगत होती. "तापलेला मग काढताना कागद सरकला, का तेच चित्र बाजूले दुसऱ्यांदा उठते. एवढंच हाये."

कागद सोलला. मगावर दोन ताराचंद.

"महाराज तं जित्ते हायेत," मंजुषा म्हणाली. "मंग मांगं हा कोणाचा आत्मा?"

शेजारचे रूपराव मिशीत हसले. मंजुषाला वाटलं, झालं, पटलं सगळ्यांना.

महाराजांनी तो मग उन्हात धरून बराच वेळ पाहिला. "हे माह्यं सूक्ष्म शरीर," ते म्हणाले. "पोरीच्या हाताले गुण हाये."

सर्वांत आधी रूपरावच पाया पडले, मंजुषाच्या. "माह्या बीपीसाठी एक काढजो, माय. टेप ढिलीच ठेवजो."

तिनं काढला नाही. पण रुख्माबाईंचं गरम पाणी चालूच राहिलं. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा मंजुषानं त्यांना रिक्षात घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. पाय घोट्यावरून कापावा लागला.

"पाणी कोमट पडलं असन," महाराज म्हणाले. रुख्माबाई आता इन्सुलिन घेतात. त्याच मगातून पाणीही घेतात, उकळतं.

सरकलेला कागद ओळखायला छपाईचं दुकान असावं लागत नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारायचं, की हे दुसरं कुणी करून दाखवलं तर तुम्ही काय म्हणाल? आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याला विचारायचं, की पाय गेला तर कुणाचा जाईल? विचारायला पैसे पडत नाहीत. फक्त दोन्ही पाय शाबूत असताना विचारावं.