मुळातलं रक्त

साहेब, त्या बाबाला तुम्ही आणलंत. तुमच्या गाडीतून तो उतरला, तुमच्या भोंग्यावर बोलला आणि तुम्ही पहिल्या रांगेत हात जोडून उभे राहिलात. म्हणून हे उघडं पत्र तुम्हालाच लिहितो.

गर्दी तुम्ही पाहिलीच. तुमच्या खाणीची पाळी सुटली की डोक्यावरचं हेल्मेटही न काढता माणसं त्याला बघायला दरडीकडे धावायची. आमचा हा टुंड्रा. झाड म्हणजे गुडघ्याएवढं झुडूप, आणि हातभर खाली जमीन बारा महिने गोठलेली. पंपघराखालची ती जमीन वितळत होती. भिंतींना तडे गेले, कामगारांनी घसा फोडून सांगितलं. तुम्ही तड्यांत सिमेंट भरलंत. एका दुपारी अख्खा उतार पंपघरावर आला आणि सात माणसं खाली गेली. चार दिवसांत तुम्ही शोध थांबवलात.

पुढच्या उन्हाळ्यात घरची माणसं फावडी घेऊन निघाली, तेव्हा त्या राखाडी चिखलावर एकाच जातीची रोपं उगवली होती. जांभळ्या फुलांची, हिरवीगार. आणि त्याच आठवड्यात बाबा आला. मुळं उपटायचा आणि लोकांना आशेचं गाजर दाखवायचा, म्हणून आम्ही मागून त्याला गाजरबाबा म्हणायचो.

तो रोप उपटी, मुळावरची मण्याएवढी गाठ नखाने फोडी आणि पांढऱ्या रुमालावर दाबी. लालसर डाग उमटे.

"बघा! मेल्याचं रक्त काळं पडतं. हे ताजं आहे, ताजं! तुमची माणसं खाली निजलीत, मुळांतून श्वास घेताहेत. फावडं लावलंत तर मूळ तुटेल, आणि मूळ तुटलं की माणूस तुटला!"

"मग तू उपटतोस ते काय गवत?" मी मागून ओरडलो.

"माझ्या हाताने त्यांना दुखत नाही!"

लोकांनी मलाच गप्प बसवलं.

धुलाईखान्यातल्या मावशीचा एकुलता एक लेक पंपावर होता. घरचे काही जण फावडी घेऊन पुन्हा आले तेव्हा ती चिखलात आडवी पडली. "आधी माझ्यावर चालवा," म्हणाली. कोण चालवणार? लेकाच्या पलंगावरची चादर ती दर आठवड्याला धुवायची, इस्त्री करून परत अंथरायची. असे दोन उन्हाळे गेले.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा नवराही त्याच चिखलाखाली. एके दिवशी बाईंनी मावशीला शाळेच्या मागे नेलं. बरोबर मीही होतो.

"मावशी, इथे कुणाला गाडलंय?"

"शुभ बोल गं! पोरं खेळतात इथे."

"मग ते जांभळं रोप उपटा. तुमच्याच हाताने."

मावशीने उपटलं. साबणाने भेगाळलेल्या नखाने गाठ फोडली. नख गुलाबी झालं. ते तिने बाईंपुढे धरलं.

"मग हे रक्त कुणाचं?"

"कुणाचंच नाही. थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही, म्हणून या मातीत झाडांना नत्र मिळायची मारामार. हे रोप वाटाण्याच्या जातीचं. मातीतले जिवाणू ते मुळाच्या गाठीत ठेवून घेतं. रोप त्यांना साखर देतं, ते हवेतला नत्र पकडून रोपाला देतात. म्हणून जिथे काही उगवत नाही तिथेही हे उगवतं. पण प्राणवायू जास्त झाला की जिवाणूंचं काम बंद पडतं. तो धरून ठेवायला गाठीत एक लाल द्रव्य असतं. आपल्या रक्तातल्या लालीच्याच नात्यातलं."

"म्हणजे रक्ताचा चुलतभाऊच की."

"हो. पण तुमच्या लेकाचा कुणी नाही, मावशी."

मावशीने नख मातीत पुसलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तोंडाला कुलूप होतं का?"

"तो रुमाल बघितला की मलाही वाटायचं... असू दे. आजच्यापुरतं खरं असू दे."

मावशीने बाईंना शिवी दिली. मग जवळ ओढलं. दोघी तिथेच मातीत बसून रडल्या, आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत मावशीने ते रोप बाबापुढे धरलं. एक गाठ फोडून त्याच्याच रुमालावर दाबली.

"शाळेमागचं आहे. तिथे कोण निजलंय, सांगा."

"माते, ही लीला—"

"लीला राहू द्या. नाव सांगा."

बाबाने तुमच्याकडे पाहिलं, साहेब. सगळ्यांनी पाहिलं, की त्याने तुमच्याकडे पाहिलं. संध्याकाळी तो आला तसाच गेला, तुमच्याच गाडीतून.

वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, पाया पडू नका. तीच गोष्ट दुसऱ्या जागी करून बघा. आणि त्या चमत्काराने कुणाचं काम थांबलं, तेही बघा. आम्ही दोन उन्हाळे हे बघितलं नाही. आता खाली जे सापडेल ते ओळखूही येणार नाही कदाचित. तरी मावशीसारख्या आईला ते हवं आहे.

काल आम्ही फावडी घेऊन गेलो. मावशी सगळ्यांच्या पुढे. तुमच्या पहारेकऱ्याने दोर बांधला होता. "वरून बंदी आहे, मावशी," तो खाली मान घालून म्हणाला.

साहेब, बाबा होता तोवर तुम्ही म्हणत होतात, "घरच्यांचीच इच्छा नाही, मी काय करू?" आता सातही घरं दोरापाशी उभी आहेत. बाबा गेला. मग ही बंदी कुणाची? माणसांबरोबर तुमच्या सिमेंटने बुजवलेले तडेही वर येतील म्हणून? खाली येऊन, आमच्या तोंडावर उत्तर द्या.