डोकी मोजायचा दिवस

नांगरटीच्या आधी आमच्या डोंगरावरचं गाव वर्गणी काढून बैल कापतं. चौकात हिरव्या डहाळ्या अंथरतात, त्यांवर मांसाचे ढीग लावतात, आणि घरात जितकी डोकी तितके वाटे. पैसेवाल्याला जास्त नाही, गरिबाला भीक नाही. आमच्या लोकांना याचा भारी अभिमान. कामासाठी फ्रान्सला गेलेला मोजतात, पाळण्यातलं मोजतात, पोटातलंसुद्धा मोजतात.

माझ्या भावाला, मेझियानला, मोजत नाहीत.

त्याला आवाज ऐकू यायचे. एकदा तो मशिदीच्या छपरावर चढून रडत बसला. कुणाला बोट लावलं नाही. तरी खाली आणला तो शेळीच्या दोरीनं बांधून, आणि शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकला. त्याच वर्षी गावसभेनं त्याचं डोकं वगळलं. आता घरी येऊन त्याला दोन हिवाळे झाले. गोळ्या घेतो, हात थरथरतात, बोलताना जीभ जड पडते. बाकी होता तसाच आहे. गावकामाला दर घरानं एक पुरुष द्यावा लागतो. आमच्या घरचा तोच जातो. रस्ता खणायला तो चालतो. वाट्याच्या दिवशीही पहाटेपासून ओढ्यावर बसून बैलांची आतडी धूत होता.

बायका चौकात जात नाहीत, छपरांवरून बघतात. मी उतरून गेले.

गावप्रमुख दा मुकरान ढिगांपाशी उभा राहून घरं पुकारत होता.

"अरेझ्कीचं घर, तीन."

"चार," मी म्हणाले.

सगळे वळले. "तासादित, तू इथं काय करतेस? आई कुठंय?"

"छपरावर. दा, आमच्यात चारजण आहेत. आई, मी, थोरला अरेझ्की, मेझियान."

"ते सभेत ठरलंय, पोरी."

"अरेझ्की तिकडं फ्रान्सात, मार्सेलला आहे. बाप गेला तेव्हासुद्धा आला नाही. त्याचा वाटा कसा लागतो?"

"खाता तुम्हीच ना?" मागून कुणीतरी म्हणालं. माणसं हसली.

दा मुकरान हसला नाही. "अरेझ्की शुद्धीत आहे. आला तर सभेत बसू शकतो."

"पाळण्यातली बसतात सभेत? तुमच्या सुनेच्या पोटातलं बसतं? त्याचा तर वाटा लावलाय तुम्ही."

त्यानं हात फडक्याला पुसले. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पोटातलं उद्या माणूस होईल," तो म्हणाला.

एकाचीही मान खाली गेली नाही. हीच माणसं शहरात गेली की आमच्या गावात सगळे सारखे म्हणून छाती फुगवतात.

तेवढ्यात मेझियान ओढ्यावरून आला. दोन्ही हातांनी धरलेली बादली त्याच्या थरथरीनं वाजत होती. त्यानं ऐकलं होतं. बादली खाली ठेवून तो म्हणाला, "दा, मी मेलो तर माझी कबर कोण खणणार?"

गाव मोजलेल्यांचीच कबर खणतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

"तेव्हाचं तेव्हा पाहू," दा मुकरान म्हणाला आणि एक तुकडा उचलून पुढे केला. "वाटसरूंसाठी ठेवतो त्यातलं घे. मनाला लावून घेऊ नकोस."

"तो वाटसरू नाही," मी म्हणाले, "आणि आमचा ढीग मी उचलत नाही."

शेवटचा ढीग उचलल्याशिवाय आमच्याकडे कुणाची चूल पेटत नाही. मी ढिगाशेजारी बसले. मेझियान माझ्याशेजारी बसला. ऊन डोक्यावर आलं, माश्या आल्या. छपरांवर पोरं भुकेनं रडायला लागली.

"दोघांनाही एकाच दोरीनं बांधायला हवं होतं," दवंडीवाला वाली म्हणाला.

"तुझ्यापासून सुरुवात करू," मी म्हणाले. "परवा पिऊन कुणाच्या गोठ्यात झोपला होतास?"

काहीजण हसले, पण जागचं कुणी हललं नाही.

शेवटी आईच आली, पायऱ्यांवर बसत, सरकत. "ऊठ," ती मला म्हणाली. "गावानं बोलणं टाकलं तर तुला काय, तुला भांडायला भिंतही पुरते. मी मेल्यावर मला धुवायला बायका लागतील." तिनं डोक्याचा रुमाल सोडून अंथरला आणि तीन वाटे त्यात भरले. लोक उठले. चुली पेटल्या.

घरी आईनं तिनाचे चार केले. मेझियाननं ताटली सरकवली. "हा अरेझ्कीचा आहे," म्हणाला, आणि भाकरी तेलात बुडवून खाल्ली.

दुसऱ्या सकाळी वाली गल्लीत ओरडत आला. "झऱ्याची भिंत ढासळलीय, घरटी एक पुरुष. मेझियान, फावडं घेऊन ये."

मी दाराला कडी घातली. "आमच्या घरचा पुरुष मार्सेलला आहे. तिकडं हाक मार."

मागून मेझियाननं फावडं उचललं. "उघड, तासादित."

"कशाला जातोस? मोजतात का तुला?"

"नावानं बोलावलंय," तो म्हणाला आणि त्यानं स्वतःच कडी काढली.

मी छपरावरून बघत होते. माणसं रांगेत उभी राहून हातोहात दगड पुढे देत होती. मेझियान रांगेच्या शेवटी, भिंतीपाशी. त्याच्या अलीकडचा माणूस दगड त्याच्या हातात देत नव्हता. जमिनीवर ठेवायचा, हात मागे घ्यायचा. मग मेझियाननं वाकून तो उचलायचा.

दुपारपर्यंत भिंत उभी राहिली.