विहीणबाईंसाठी घातलेले पत्रे

कर्जतजवळच्या कडावच्या सखाने कौलं उतरवून निळे पत्रे घातले ते पावसासाठी नव्हे, विहीणबाईंसाठी. मुलगी जागृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, मग बारशाला तिची सासू चंद्राबाई अलिबागहून येणार आणि गळकी कौलं बघून नाक मुरडणार. लग्नाच्या पंगतीत आमटीच्या मिठावरून बोलणारी बाई ती. कौलं तिला वर्षभर पुरली असती. घाईत सखाने पत्र्यांना निम्मेच हुक मारले. उरलेले बारशाच्या आधी मारू, असं त्याने बायकोला, जयाला, सांगून टाकलं.

वादळाला बारशापर्यंत दम निघाला नाही. समुद्रावरून चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर अलिबागची किनाऱ्यालगतची आळी रिकामी करायला सांगितली, आणि नववा महिना लागलेल्या सुनेला घेऊन चंद्राबाई आदल्या दिवशीच सखाच्या दारात उभी राहिली. तिचा मुलगा रूपेश सामान माळ्यावर चढवायला मागे थांबला होता.

सखाने विहीणबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसला. मुलीच्या बापाने विहिणीच्या बरोबरीने बसायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बसला खाली, पण बोलला माडीवरून. वारा इथवर येईपर्यंत दमतो, समुद्राला कर्जतचं तिकीट कोण देतो, तुम्ही निवांत राहा. चंद्राबाईने एकदा छपराकडे पाहिलं आणि हुक किती मारलेत ते विचारलं. सखाने घाईघाईने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा कडावात शिरला तो अजिबात दमलेला नव्हता. शेजारच्या गोठ्याचं छप्पर उडून शेतात जाऊन पडलं. कर्जतच्या रस्त्यावर झाडं आडवी झाली, म्हणजे जागृतीला हलवायची सोयही गेली. आणि मग घरावरचे पत्रे, खालच्या लोखंडी पाइपांसकट, वर उचलले जाऊ लागले. सखाने देवाचं नाव घेतलं, मग पत्रेवाल्याला शिव्या घातल्या, मग पुन्हा देवाचं नाव घेतलं. आपल्या मिजाशीपायी पोटुशी लेक या छपराखाली बसली आहे, हे त्याला आता कळत होतं आणि सहन होत नव्हतं.

चंद्राबाई खुर्चीवरून उठली. तिने घरातला दोर मागवला, स्टुलावर चढून पाइपावरून टाकला आणि खालच्या लोखंडी पलंगाला आवळून बांधला. पलंगावर भाताची पोती चढवायला लावली. तरी वाऱ्याचा हिसका आला की पलंगाचे पाय जमीन सोडायचे. मग ती स्वतः पोत्यांवर चढून बसली, दोर दोन्ही हातांनी धरला आणि सखाला म्हणाली, "वर बसा."

"तुमच्या शेजारी? तसं बसत नाय आमी."

"जड हाय तुमी, म्हणून बोलावते. मानाचं मागून बघू."

सखा बसला. पलंगही बसला. जया आतल्या भिंतीशी जागृतीला कवटाळून होती. नवऱ्याचं पोट कशाच्या तरी कामी आलेलं ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

तासाभराने सखाच्या खिशातला फोन वाजला. चंद्राबाईचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यानेच तो तिच्या कानाशी धरला. रूपेश होता. समुद्राचं पाणी घरात शिरलं होतं, पुढची भिंत कोसळली होती आणि तिच्या मागोमाग सगळं घरच बसलं होतं. तो स्वतः शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. तुला लागलं नाही ना, असं तिने दोनदा विचारलं. लागलं नव्हतं. फोन बंद झाला तसा सखा गडबडून पाणी आणायला उठू लागला.

"उठू नका," चंद्राबाई म्हणाली. "ते पडलं. ह्ये ऱ्हायला पायजे."

तिने दोर सोडला नाही. डोळ्यांतलं पाणी तसंच गालांवरून वाहू दिलं.

संध्याकाळी वारा पडला. पडवीवरचे चार पत्रे गेले होते, जागृतीच्या डोक्यावरचे सगळे जागेवर होते. चंद्राबाई पोत्यांवरच बसून होती. कुणाकडे न बघता तिने विचारलं, "आता मला इथं किती दिवस..."

विहीणबाईंसाठी सखाने महिनाभर गोड बोलणी घोकून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना.

"परवा भात पेरायचाय," तो म्हणाला. "घरच्या माणसाला आमच्यात मजुरी देत नाय. आधीच सांगून ठेवतो."

चंद्राबाईने पदराने नाक पुसलं आणि बियाणं कुठंय ते दाखवायला सांगितलं.