वडिलांच्या फोटोचा मान

मडिवाळप्पा सिगारेट ओढायचे, पण वळण राखून. थोरल्यांसमोर धूर काढायचा नाही, ही घरची रीत. वडील हयात होते तेव्हा मडिवाळप्पा निजायच्या खोलीत खिडकी लावून ओढायचे. वडील गेले, त्यांचा फोटो हार घालून सोप्यात लागला, तरी मडिवाळप्पा खिडकी लावून आतच. फोटोतल्या नाकालाही वास जाता कामा नये. असा आज्ञाधारक मुलगा अख्ख्या साखर पेठेत दुसरा नसेल. त्याच खोलीत पलंगावर बसून त्यांची बायको सावित्रम्मा शेंगा सोलायची, तांदूळ निवडायची. तिच्या नाकाला कोण विचारतंय?

अडचण झाली ती नातीमुळं. तिला दमा. मुलगा शरणबसव पुण्याहून फोनवर म्हणाला, "अप्पा, सिगारेट सुटली असंल तरच पोरीला सुट्टीत ठेवतो तुमच्याकडं."

मडिवाळप्पांनी तिथल्या तिथं सोडली. म्हणजे फोनवर सोडली. पण मुलगा त्यांचाच, नुसत्या शब्दावर विश्वास कसला ठेवतोय? त्यानं ओळखीच्या डॉक्टर प्रियदर्शनींकडं तपासणी ठरवून टाकली. धुरातलं विष अंगात किती उतरलं ते लघवीत कळतं म्हणे. जिभेसारखं तिला खोटं बोलता येत नाही.

लघवीची डबी घरूनच भरून न्यायची होती. मडिवाळप्पांनी ती बायकोपुढं धरली. "तुजी दे. तू तर कधी सिगारेट बोटात धरली न्हाईस. नातीसाटी म्हणून दे."

सावित्रम्मानं डबीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं भरून दिली. नातीला मांडीवर घ्यायला तीही तरसली होती. मडिवाळप्पांना आपल्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्या आनंदात त्यांनी रोजच्यापेक्षा जरा जास्तच ओढल्या. अर्थात खिडकी लावून.

निकालाच्या दिवशी शरणबसव पोरीला घेऊनच आला. सगळे डॉक्टरबाईंसमोर बसले. पोरगी आल्या आल्या आजोबांच्या मांडीवर चढली.

"काका, तुम्ही ओढत नाही, हे खरं दिसतंय," प्रियदर्शनी म्हणाल्या. मडिवाळप्पांनी मुलाकडं असं बघितलं, की जणू निवडणूकच जिंकली.

"पण दुसऱ्याचा धूर तुमच्या अंगात बराच गेलाय. बंद खोलीत, तुमच्या शेजारी बसून कुणीतरी रोज ओढतंय. घरात कोण कोण असतं?"

मडिवाळप्पांनी बायकोकडं बघितलं. "मी आन्... ही."

शरणबसवची मान हळूहळू आईकडं वळली. "अव्वा, तू?"

एक वाक्य बोललं की भागत होतं. मडिवाळप्पांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण नात त्यांच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती, आणि तिला खाली उतरवायचा धीर त्यांना होईना. सावित्री घेईल सांभाळून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आजवर तिनंच तर सगळं सांभाळून घेतलं होतं. ते छताच्या पंख्याकडं बघत बसले.

सावित्रम्मानं पदर सावरला.

"व्हय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं ओढते की. पेटवायचं काम तेवढं ह्यांचं."

शरणबसव उठला, त्यानं अप्पांच्या मांडीवरून पोरीला उचललं आणि दुसऱ्या हातानं आईची पिशवी घेतली.

"तूबी चल, अव्वा."

सावित्रम्मा उठली.