मास्तरची मिशी

तात्या जळत होता, आणि तेही कुणावर, तर मास्तरच्या फोनमधल्या माणसावर. हसू नका! बावीस वर्षं दर रविवारी दहाला ड्रॉइंगचा मास्तर तात्याच्या सलूनमध्ये यायचा, आरशासमोर बसायचा, आणि दाढी राहायची बाजूला, गप्पांना नुसता ऊत यायचा. सुनेची कुरकुर, शाळेतलं राजकारण, गुडघा, सगळं आधी तात्याच्या कानावर. मास्तरच्या त्या झोकदार मिशीला तर तात्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

आणि आता? मान मागे टाकलेली, फोन तोंडासमोर धरलेला, आणि मास्तर खुदुखुदु हसतोय.

"कोण आहे रे?" तात्याने साबण फेसवत विचारलं.

"वर्गमित्र. चाळीस वर्षांनी सापडला. भारी माणूस!"

भारी! तात्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मग आम्ही काय इथे माश्या मारतोय?

"माझ्या पोरीचं लग्न जमलं," तो म्हणाला. आठ दिवस ही बातमी त्याने मास्तरसाठी जपून ठेवली होती.

"हं," मास्तर म्हणाला आणि टाइप करत राहिला.

"मुलगा सुतार आहे. हात फार चांगला आहे म्हणतात."

"हं."

तात्याने वस्तरा उचलला. "मास्तर, मिशी काढू?"

"हं."

तरी तो थांबला, अगदी शपथेवर सांगतो. मास्तरने एकदा जरी वर बघितलं असतं तर त्याने वस्तरा खाली ठेवला असता. पण फोन टुणकन वाजला, मास्तर पुन्हा हसला, आणि तात्याने मिशी सफाचट केली. हात इतका हलका की मास्तरला पत्ताही लागला नाही.

"येतो रे," म्हणत तो उठला आणि फोनमध्ये बघतच निघून गेला. आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तात्याने पुढचं गिऱ्हाईक बसवलंच नाही. आता येईल, "अरे गाढवा!" म्हणून ओरडेल, आपणही दोन ऐकवू, कडाक्याचं भांडण होईल, मग चहा मागवू आणि पोरीचं पहिल्यापासून सांगू. दाराकडे डोळे लावून तो अर्धा तास बसला.

मास्तर आला नाही. मेसेज आला.

"मित्राला फोटो पाठवला तर तो म्हणतो, मिशी कुठे गेली! मला कळलंच नाही! पण दहा वर्षांनी तरुण दिसतोस म्हणतो. आता मिशी नकोच. तिच्यापायीच दर रविवारी तुला त्रास द्यायचो, आता दाढी घरीच उरकेन."

तात्याने चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला. त्रास? मग घाईघाईने मास्तरला फोन लावला. लाइन बिझी होती.

"त्याच मेल्याशी बोलत असणार," तात्या म्हणाला, आणि पुन्हा फोन लावला.