बाहेर जाणारा बॉल

कपबशीवाल्या काकू टेनिस शिकायला लागल्या त्या तब्येतीसाठी, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. हे साफ खोटं होतं. तब्येत ठणठणीत होती. काचसामानाच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या बाईला चढउतार आणि उचलठेव यांचा काय तोटा? खरं कारण सून होती.

सून दातांची डॉक्टर. नाव ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण घरात सासूसमोर तिचा आवाज कधी चढला नाही. पेशंटशी बोलून बोलून तिची जीभ अशी काही मऊ झाली होती की काकूंशीही ती त्याच सुरात बोलायची. "छान झालंय हं, आई." "सावकाश करा, घाई नाही." भाजी मिठाने कडू झाली तरी "चालेल, चालेल." काकूंना वाटायचं, आपण घरात नाहीच, तिच्या त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत पडलोय आणि आता ही म्हणणार, थोडंसंच दुखेल. शेजारणी हेवा करायच्या. "नशीब काढलंत," म्हणायच्या. काकू मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, देवा, हिला एकदा माझा राग येऊ दे. ज्याच्यावर रागावता येत नाही ते माणूस घरचं कसलं?

मुलाची मात्र चैन होती. दर रविवारी दोघं रॅकेट घेऊन क्लबवर जायचे आणि घामाघूम होऊन भांडत परत यायचे. जिन्यातूनच आवाज यायचा. "तू मध्ये कशाला कडमडलास?" "मध्ये? माझाच होता तो!" दारात पाऊल पडलं की सूनबाईंचा सूर पुन्हा लोण्यासारखा. काकूंनी असे बरेच रविवार कान देऊन ऐकले, आणि एका सोमवारी क्लबातल्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घालून आल्या.

शिकवणारे सर तरुण होते आणि त्यांच्याकडे सहनशक्ती भरपूर होती. ती लागणारच होती. "रॅकेट अशी धरायची, कुणाशी हात मिळवतोय तशी," ते म्हणाले. काकूंनी धरली. सरांनी पलीकडून एक बॉल हळूच टाकला. काकूंनी तो डाव्या हाताने अलगद झेलला.

"काकू, मारायचा असतो."

"हो की!"

दुसराही झेलला. तिसरा तर गुडघ्यात वाकून जमिनीच्या वीतभर वरून उचलला. इतर नवशिके टाळ्या वाजवायला लागले. पण यात काकूंचा तरी काय दोष? दुकानात एखादी वस्तू हवेत दिसली की तिचा एकच अर्थ असतो: खाली पडायच्या आत धर. गिऱ्हाइकाच्या कोपराने ढकललेल्या बरण्या, लहान मुलांनी ओढलेल्या बशा, काय काय त्यांनी वरच्यावर टिपलं होतं.

"तो फुटत नाही, काकू," सर म्हणाले.

"मला माहीत आहे हो. हाताला माहीत नाही."

शेवटी सरांनी तोड काढली. डाव्या हातात एक जास्तीचा बॉल द्यायचा, म्हणजे तो हात गुंतलेला राहील. आणि मग पुढचा बॉल टप्पा घेऊन वर आला, काकूंनी डोळे मिटून रॅकेट फिरवली, आणि असा काही खणखणीत आवाज झाला की त्या स्वतःच दचकल्या. बॉल जाळ्यावरून गेला, कोर्टावरून गेला, कुंपणावर जाऊन आदळला. काकू कानोसा घेत उभ्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू जीव खाऊन भिरकावली होती आणि काहीही फुटलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की एकट्याच खदखदून हसत सुटल्या. "अजून एक टाका हो," म्हणाल्या, आणि तास संपला तरी हलेनात.

घरी सुनेला सांगितलं. "वा, आई! खूपच छान," सून म्हणाली. तोच सूर. काकू हिरमुसल्या, पण सोडतात कशाला.

त्या मोसमात क्लबाने घरच्या जोड्यांची स्पर्धा ठेवली. जोडी एकाच घरातली हवी, एवढीच अट. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलगा जिन्यात पाय मुरगळून बसला. घोटा सुजून टम्म. सुनेला खेळायचं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंनी घसा खाकरला.

"मी येऊ का?"

सुनेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "या ना. हरलो तरी चालेल, आई."

ते 'चालेल' काकूंना झोंबलं. आता जिंकायचंच, त्यांनी ठरवलं.

समोर औषधांच्या दुकानाचा मालक आणि त्याची बायको. ही जोडी टेनिस कमी आणि भांडण जास्त खेळत होती. "तुझा होता!" "माझा? डोळे तपासून घे!" काकू त्यांच्याकडे अशा टक लावून बघत राहिल्या की दोन बॉल पायाशी पडून गेले तरी कळलं नाही. "असू दे, आई, छान प्रयत्न," सून म्हणाली. प्रयत्न कुठे केला होता?

पण मग काकूंना सूर सापडला. डाव्या मुठीत जास्तीचा बॉल आवळून त्या कोर्टाच्या मागच्या भागात उभ्या राहिल्या आणि जे येईल ते परत धाडायला लागल्या. दिसायला कसंही असो, जात होतं पलीकडे. बाकावर पाय लांब करून बसलेला मुलगा ओरडायला लागला. सुनेचे डोळे चमकायला लागले. बघता बघता सगळं बरोबरीत आलं. पुढचा पॉइंट ज्यांचा, मॅच त्यांची.

सर्व्हिस सुनेची. पहिली जाळ्यात गेली. "बॉल!" ती म्हणाली, आणि काकूंनी मुठीतला बॉल तिच्याकडे टाकला. दुसरी आत पडली. औषधवाल्याच्या बायकोने घाबरून रॅकेट आडवीतिडवी फिरवली, आणि बॉल उंच, खूप उंच उडाला. काकूंच्या डोक्यावरून तो सरळ बाहेर निघाला होता. आंधळ्यालाही कळलं असतं.

"सोडा!" सून ओरडली. "आई, सोडा!"

काकू मागे धावल्या. कुंपणापाशी पोचल्या, रिकामा डावा हात वर केला, आणि टिपला. काय सुरेख टिपला!

पंचाच्या खुर्चीवरून सर अपराध्यासारखे म्हणाले, "टप्पा पडायच्या आत हाताने धरला की पॉइंट समोरच्यांचा. बाहेर जात असला तरी."

"अहो आई!" सुनेचा आवाज कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "काय केलंत हे? बाहेर चालला होता तो! मी घसा फोडून सांगतेय सोडा, तुमच्या कानांत काय बोळे आहेत? जिंकली होती मॅच! नुसतं उभं राहायचं होतं! तेवढंही जमू नये?"

काकू बॉल छातीशी धरून उभ्या होत्या. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. डोळे भरून आले.

ते पाणी पाहून सून चरकली. हात तोंडावर गेला. चेहरा, आवाज, सगळं मऊ व्हायला लागलं. "सॉरी, आई. मी उगीचच... चालेल हो, काही बिघडलं नाही..."

दोन वर्षांनी उघडलेलं दार काकूंच्या डोळ्यांदेखत बंद होत होतं.

"चालेल काय चालेल?" त्या कडाडल्या. "आणि तुझी पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली, ती कुणामुळे? ती आत पडली असती तर माझ्यावर ही पाळी आलीच नसती!"

औषधवाल्यांनीसुद्धा आपलं भांडण थांबवलं.

"एकच तर गेली!" सून म्हणाली.

"एक पुरते!"

"आणि तुम्ही आधी तीन सोडलेत, ते? या दोघांकडे बघत उभ्या होतात!"

"दोन! खोटं बोलू नकोस!"

मुलगा लंगडत मध्ये आला. "अगं, आई, लोक बघताहेत. खेळच आहे ना शेवटी..."

"तू गप्प बस!" दोघी एकदमच म्हणाल्या.

गाडीत तो बाहेर जाणारा बॉल पुन्हा पुन्हा उडाला, पुन्हा पुन्हा झेलला गेला. सून हातवारे करून सांगत होती, काकू तिचं वाक्य पुरं होऊ देत नव्हत्या, आणि मध्येच कुणाला तरी हसू फुटलं, पण माघार कोणीच घेईना. घर आलं तेव्हा भांडण अर्ध्यावरच होतं. मग दोघी ते जिन्याने वर घेऊन गेल्या.